रविवारचे मामा

आमच्या मामांइतकी नाती अख्ख्या चांदा जिल्ह्यात कोणाला नसतील, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं, हे मी छातीठोक सांगते. आरमोरीच्या बाजूला मिशनचं बालगृह होतं, तिथं मी सहाव्या वर्षापासून वाढले. तिथून बी.ए. झालेली पहिली मुलगी मीच. हे मी संधी मिळेल तिथं सांगते, तेव्हा इथंही सांगून टाकते. बालगृहात रविवारची प्रार्थना संपली की भेटीची वेळ असे. नियम एकच, भेटायला फक्त नातेवाइकानं यायचं. बालगृह चालवणाऱ्या मोठ्या बाई स्वतः फाटकाशी वही घेऊन बसत. येणाऱ्याचं नाव, मुलाचं नाव, नातं, आणि पुढं सही नाहीतर अंगठा. ज्यांचं कोणी येत नसे अशी आम्ही अकरा मुलं चिंचेखाली बसून दुसऱ्यांचे नातेवाईक बघत असू. कोणाच्या आजीनं काय आणलं, कोणाचा काका किती वेळ बसला, हे त्या मुलांपेक्षा आम्हालाच जास्त पाठ असे.

अशाच एका रविवारी बाजाराला निघालेला एक धानवाला शेतकरी बैलबंडी घेऊन फाटकाशी थांबला. आत विहीर दिसत होती आणि बैलांच्या तोंडाला फेस आला होता. तो म्हणाला, "बाई, बैलाले पानी पायजे." बाई मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, आज फक्त नातेवाईक." त्यानं जरा डोकं खाजवलं. "मंग मी मामा आहो." "कोणाचे?" त्यानं सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या पोरीकडं बोट केलं. ती मी. बाईंनी लिहिलं, अंगठा घेतला. बैलांना पाणी मिळालं आणि मला मामा मिळाला. निघताना मी विचारलं, "पुढच्या रविवारी येणार?" तो बंडीवर चढता चढता थांबला. "आता मामा झालो तं येनंच पडते ना, माय."

पुढचा पावसाळा येईपर्यंत चिंचेखालची अकराच्या अकरा मुलं मामांनी नात्यात घेतली होती. अकरा जणांना एकच मामा म्हटलं तर वहीत बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी स्वतःच नाती वाटून टाकली. तिघांचे ते मामा, चौघांचे काका, दोघांचे आजोबा, एकाचे मावसा. सगळ्यात धाकट्या रूथपर्यंत येईस्तो चांगली नाती संपली, म्हणून तिच्या आत्याचा नवरा झाले, आणि दर रविवारी त्या नसलेल्या आत्याचा नवा आजार सांगू लागले. प्रत्येक नात्याची चाल वेगळी असे. विहिरीपाशी काका होऊन शिस्तीत पाढे विचारायचे, चिंचेपाशी पोचेपर्यंत पाठीला बाक काढून आजोबा व्हायचे आणि खोकत खोकत "धर रे बाबा माह्या हात" म्हणायचे, आणि तिथून माझ्याकडं ताठ होऊन येताना मिशीला पीळ देत यायचे. उपरण्यात उन्हाळ्यात तेंदूच्या झाडाची पिकली टेंभरं, हिवाळ्यात बोरं, बाकी बारमाही मुरमुरे. मामा असताना ओंजळभर द्यायचे आणि काका असताना मूठभर. काकानं जास्त लाड केलेले बरे नाहीत, असं त्यांचं मत होतं.

चूक व्हायची ती झालीच. एका रविवारी बाईंनी वहीची मागची पानं उलटली. "भाऊ, मागच्या रविवारी तुम्ही याचे मामा होता. आज काका?" मामांनी त्या मुलाकडं बघितलं, मुलानं मामांकडं. मग मामा अगदी शांतपणे म्हणाले, "मामाले आज सवड नाई, बाई. मनून काका आला." बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि लिहिलं, काका.

अशी आठ वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले, पहिल्या वर्गात, आणि तिथंच गाडं अडलं. मिशनचा कायदा होता की जिला कोणीच नाही त्या मुलीला कॉलेजात पाठवायचं, आणि जिला नातेवाईक आहे तिला मॅट्रिकनंतर त्याच्या घरी सोपवायचं. नागपूरहून मिशनचे साहेब आले, त्यांनी वही मागवली आणि त्यांचे डोळेच भरून आले. आठ वर्षांत एकही रविवार न चुकवणारा मामा! असा मामा असताना पोरीला परक्यांनी का शिकवावं? त्यांनी मामांना बोलावणं धाडलं. मी फाटकाबाहेरच त्यांना गाठलं. "मामा, आत जाऊन एवढंच म्हणायचं, मी हिचा कोणी नाही. नाहीतर माझं कॉलेज गेलं." मामा हसले. "बस एवढंच? आठ वरस खोटं बोललो, एक डाव खरं बोलाले काय होते?"

आत गेल्यावर दाराशी जमलेल्या आम्हा पोरांकडं बघत त्यांनी सुरुवात तर झकास केली. "साहेब, मी रूथच्या आत्याचा नवरा नाई. तिले आत्याच नाई. त्या लंबूचा काका नाई. ह्याचा आजा नाई, मले खोकला बी नाई." एकेक नातं उपरण्यातून काढून टेबलावर ठेवावं तसं दहा ठेवली. साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "आणि हिचे?" मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.  मी मनात म्हणत होते, म्हणा हो, म्हणून टाका. शेवटी ते खाली बघत म्हणाले, "बैलाले पानी पायजे होतं, साहेब."

साहेब बाईंकडं वळले. "तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?" बाई म्हणाल्या, "माझं काम लिहिण्याचं." साहेबांनी वही मिटली. मग माझ्या कागदावर त्यांनी 'नातेवाईक नाही' असं लिहिलं आणि मामांनी त्याखाली अंगठा उठवला. मला कॉलेज मिळालं. मामांची अकरा नाती एका दुपारी गेली.

पुढच्या रविवारी बंडी आली, पण मामा खाली उतरेनात. रस्त्यावरूनच चिंचेकडं बघत राहिले. चिंचेखालून कोणी हाक मारली नाही, सगळ्यांना नियम पाठ होता. तेव्हा बाईच उठून फाटकाबाहेर गेल्या. "भाऊ, बैलांना पाणी पाहिजे असेल ना?" मामांनी बैलांकडं बघितलं. वाटेत नाल्यावर ते पोटभर प्यालेले होते. "हो, बाई. लय तहान लागून राह्यली त्याहिले." नात्याच्या रकान्यात बाईंनी त्या दिवशी लिहिलं, बैलांना पाणी. मी नागपूरला जाईपर्यंत दर रविवारी तेच.

नागपूरला मुलींच्या वसतिगृहात नियम आणखी कडक. दिवाळी झाल्यावर एका दुपारी चौकीदार हसत हसत वर निरोप घेऊन आला. खाली कोणी वेडा आलाय, बैलांना पाणी मागतो, आणि बैल तर कुठं दिसत नाहीत. मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. फाटकाबाहेर मामा धुतलेलं धोतर नेसून, मुरमुऱ्यांचं गाठोडं काखेत धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसून आले होते. रेक्टरबाई बाहेर आल्या. "कोण हे?" मामा घाईनं म्हणाले, "कोनी नाई, बाई. मी अंगठा देल्ला आहे." मी म्हटलं, "माझे मामा." रेक्टरबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सख्खे?" बालगृहात आम्हाला सगळं शिकवलं होतं, खोटं बोलायला मात्र शिकवलं नव्हतं. ते मी मामांकडून शिकले. "सख्खे," मी म्हटलं.

मामा फाटकातून आत आले. गाठोडं माझ्या हातात दिलं, अंगणातल्या नळापाशी गेले आणि ओंजळ धरून बराच वेळ पाणी पीत राहिले, दोन्ही बैलांच्या वाट्याचं.