सूर्य दिसतोय तोवर

कोल्हापूर ते मुंबई चारशे किलोमीटर, गाडीनं नऊ तास. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे, विमानानं साडेनऊ. आमच्या श्रेणिकदादानं हे आकडे फोनवर असे ऐकवले, जणू विमान त्यानंच बनवलंय. "साडेनऊ तास म्हणजे काय गं, प्राची? मम्मीला घेऊन ये. जेवण विमानात देतात."

माझं डोकं तिथंच फिरलं. त्याची आई, म्हणजे माझी चंदनाकाकू, सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालत नाही. आम्ही जैन, पण आमच्यातही तिच्याइतकं कडक कुणी नाही. मंगळवार पेठेतल्या लग्नात पंगतीला उशीर झाला की ती ताटावरून उठते, वर यजमानाला चार शब्द सुनावते. आणि हा सख्खा मुलगा नऊ वर्षं लंडनहून तिला रात्री नऊला फोन करून विचारतोय, "जेवलीस का?" काकू "व्हय" म्हणते आणि फोन आपटते.

विमान दुपारी दोनला सुटलं. काकूच्या डब्यात चार दशम्या होत्या आणि नेहमीसारखी झाकणाच्या आत कागदात बांधलेली चटणी. मनगटावर काकांचं घड्याळ. पावणेसातला तिनं शुगरची गोळी घेतली. ती घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडावंच लागतं. तिनं डबा उघडला आणि नेमक्या तेव्हा हवाईसुंदरीनं खिडक्या बंद करायला लावल्या. दिवेही विझले.

"अंधारात मी खात न्हाय," काकू म्हणाली. "सूर्य हाय का गेला, कळायला नको?"

खिडकीशी बसलेल्या कोटवाल्या गृहस्थांना मी दोनदा विनवलं. झोपमोड होते म्हणाले. इकडं काकूचे हात थरथरायला लागले. त्या माणसाचा कोट धरून त्याला गदागदा हलवावं असं मला वाटलं.

"ओ पावणं!" काकूचा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "उघडा की ते! तुमच्या झोपेपायी मी मरू व्हय?"

झडप वर गेली आणि काकूच्या मांडीवर लख्ख ऊन पडलं. घड्याळात सव्वासात. कोल्हापुरात दिवे लागले असणार.

"आपण सूर्याच्या मागं पळतोय, म्हणून तो मावळत नाही," मी ओरडलेच. "खा आता!"

"दिसतोय त्याला खोटा कसं म्हणू?" काकूही रागानंच म्हणाली. तिनं दोन दशम्या खाल्ल्या, प्रत्येक घासाला बाहेर बघत.

लंडनच्या विमानतळाबाहेर आलो तेव्हा तिथले आठ वाजले होते आणि अजून ऊन होतं. दादा पाया पडला. "मम्मी, मस्त हॉटेल बुक केलंय. जैन जेवण मिळतं. पावणेदहाची वेळ आहे."

"हितं सूर्य कधी मावळतो?"

दादा गडबडला. "नऊ... सव्वानऊ असेल. बघावं लागेल."

नऊ वर्षं राहून! काकूनं डबा त्याच्या गाडीच्या बॉनेटवर आदळला. "दोन तुझ्या ठेवल्यात. खा."

"इथं? मम्मी, नंतर खातो ना."

"आत्ता!"

लोक वळून बघायला लागले. टाय लावलेला दादा उभ्या उभ्या दशमी खाऊ लागला. दोन घास झाले आणि त्यानं काही न विचारता डब्याचं झाकण उलटं केलं, कागद सोडला आणि चटणी घेतली.

"हे बरं ध्यानात हाय!" काकू कडाडली, आणि तो खाईपर्यंत आभाळाकडं बघत राहिली.