भिंतीवरच्या भोरड्या

"जालन्याला पाखरं बघायला चाललेय," असं सांगितल्यावर आमच्या नाशिकच्या पक्षीमंडळात जो हशा पिकला, तो काय सांगू! "अहो, हाताशी नांदूरमध्यमेश्वरचं अभयारण्य असताना तिकडं कशाला तंगड्या तोडत जाताय?" मी म्हटलं, "खरी पाखरं नाहीत हो, भिंतीवरची आहेत." मग तर विचारूच नका. नवऱ्यानं डब्यात थालीपीठं भरता भरता एवढंच विचारलं, "त्याला तिकीट आहे का?" नव्हतं. त्यामुळे त्याची हरकत नव्हती.

निमंत्रण निलोफरचं होतं. ही मुलगी मला एकदा नांदूरमध्यमेश्वरच्या धरणाच्या काठावर भेटली होती. कडाक्याच्या थंडीत कॅमेरा लावून बसली होती, नाक लाल झालेलं. मी तिला थर्मासमधला चहा पाजला, आणि तेवढ्यावर आमची गट्टी जमली. चित्रकला शिकली बडोद्याला, पण गाव कुंभार पिंपळगाव, जालना जिल्हा. भोरड्यांच्या स्थलांतरावर तिनं एक भलीमोठी व्हिडिओ-कलाकृती केली होती आणि ती पहिल्यांदा गावातच दाखवायची, असा तिचा हट्ट होता. भोरडी म्हणजे गुलाबी मैना. उन्हाळ्यात मध्य आशियात पिल्लं वाढवायची आणि थंडीत थव्याथव्यानं आपल्याकडं यायचं, असा तिचा रिवाज. एवढं मला ठाऊक होतं. व्हिडिओ-कला हा काय प्रकार असतो, ते मात्र ठाऊक नव्हतं. आणि एखादी गोष्ट कळली नाही की मला अन्न गोड लागत नाही.

जालन्याला गाडीतून उतरले, रसवंतीवजा एका गाड्यावर मोसंबीचा रस प्यायले आणि एसटी पकडली. अंबडच्या पुढं रस्ताभर उसाची ट्रॅक्टरं. अंकुशनगरच्या कारखान्याकडं निघालेली, एकेकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि आमचा ड्रायव्हर त्यांच्या मागं हॉर्न वाजवून थकलेला. शेजारी हिरव्या नऊवारीतल्या एक बाई येऊन बसल्या. सरूबाई त्यांचं नाव. चौकशीला त्यांनी वेळ लावला नाही.

"कुनाकडं?"

"हमीदभाई मंडपवाल्यांकडं."

"मंग, कुनाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. त्यांच्या मुलीनं पाखरांचा व्हिडिओ केलाय, तो दाखवणार आहेत. तुम्हीपण या ना."

"त्यो औषिधाचा?" सरूबाईंनी हात झटकला. "रिक्षा फिरून राह्यली कालधरनं. कंपनीवाले दरसाल येत्यात, पडद्यावर किडे दावित्यात अन् डबे खपवित्यात. आमाला न्हाई सवड. हुरड्याचे दिस, ज्वारी राखून राह्यलो आमी. त्या भोरड्या! मुडदा बशिवला त्यांचा, घडीभर पाठ फिरवली की रान साफ करत्यात."

औषध-बिषध काही नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी मान डोलवली, पण पटलं नव्हतं.

हमीदभाईंच्या घरी गेल्या गेल्या निलोफरच्या अम्मीनं ताट समोर ठेवलं. खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट, तिळकुटाचं पातळ सार). मी तीनदा खट्टा मागून घेतला, लाजले नाही. हमीदभाई उंच, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. घरातली अर्धी जागा त्यांच्या मंडप-बिछायतीनं व्यापलेली. गाद्या, कनाती, दोरांची वेटोळी. जेवण होताच ते उठून दोर तपासायला गेले. ते गेल्यावर निलोफर हळूच म्हणाली, "बघितलंत मावशी? मी समोर बसले की असंच."

मग सगळं कळलं. फिनलंडच्या एका कलाशाळेनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. महिनाअखेर उत्तर कळवायचं होतं. अब्बा 'जा' म्हणत नव्हते आणि 'नको'ही म्हणत नव्हते. विषय निघाला की दोर मोजायला उठायचे.

"भांडले असते तर मीपण भांडले असते," ती म्हणाली. "पण त्यांच्या तोंडून काही आल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही. म्हणून हे इथं आणलं. मी बाहेर राहून काय करते, ते एकदा डोळ्यांनी बघू देत. मग 'नको' म्हणाले तरी चालेल."

चालेल म्हणाली खरी, पण नजर दोर तपासणाऱ्या अब्बांकडंच होती.

गावाबाहेर ज्वारीच्या रानांना लागून एक बंद पडलेली जिनिंगची शेड आहे. एकेकाळी तिथं कापसातली सरकी काढत. उंच पत्र्याचा तो गोडाऊनसारखा अंधार, आणि त्याच्या तीन भिंतींवर हमीदभाईंनी मंडपाचं पांढरं कापड शिवून शिवून ताणलेलं. कुठं चुणी नाही की झोळ नाही. मी कौतुक केलं तर म्हणाले, "बराबर झालंय." खाली सतरंज्या अंथरून दिल्या, आणि मुलीनं यंत्रं सुरू करायला घेतली तसे ते दाराबाहेर जाऊन टेम्पोच्या पायरीवर बसले, शेडकडं पाठ करून.

मी त्यांच्यामागं गेले. मला राहवत नाही. "अहो, आत या ना. मुलीचं काम बघायचं नाही का?"

"मंडपवाला लग्न बघत नसतो, ताई. गाठी बघतो."

मी कपाळाला हात लावला आणि आत जाऊन बसले.

चार वाजले. सतरंज्यांवर मी, अम्मी आणि एक कुत्रं. रिक्षावर कर्णा लावून दवंडी दिली होती, पण सगळ्या गावानं सरूबाईंसारखीच औषधाची समजूत करून घेतलेली. निलोफर दोनदा दारापर्यंत जाऊन आली. शेवटी म्हणाली, "असू दे. सुरू करते." आणि तिनं आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.

काय सांगू तुम्हाला! डाव्या भिंतीवर उजाड डोंगर उजळले, दगडांच्या खाचांतून मातकट पिल्लं चोची वासत होती. मग एक थवा उठला. दुसरा उठला. भिंतीच्या कोपऱ्याशी येऊन थांबेल असं वाटत होतं, तर तो कोपरा जसा नव्हताच, असा वळून थवा समोरच्या भिंतीवर आला. बर्फ, वाळू, कुठली तरी विजेची तार, पुन्हा आभाळ. थवा माझ्या डोक्यावरून गेल्यागत मी चक्क मान खाली घातली. वर छताला आधार देणाऱ्या लोखंडी कैचीत बसलेली खरी पारवी घाबरून फडफडली आणि थेट माझ्या शालीवर प्रसाद टाकून गेली. मग उजव्या भिंतीवर सगळा थवा उतरला, आणि कुठं? याच गावच्या ज्वारीत. तो कलकलाट पत्र्यातून असा घुमला की कानठळ्या बसल्या.

तेवढ्यात बाहेरून आरोळ्या आल्या. "हाऽऽ हाऽऽ! हुर्रर्र!" डबे बडवल्याचा आवाज. पाहते तर आजूबाजूच्या रानांतली माणसं, बायका, मचाणावरनं उड्या टाकून शेडकडं धावत सुटलेली! एवढा मोठा थवा आपल्या बांधाशी उतरला, असंच त्यांना वाटलेलं. सगळ्यांच्या पुढं हिरवी नऊवारी. सरूबाई! हातातली गोफण आधीच फिरत होती. त्या दारात आल्या, समोर भिंतभर भोरड्या ज्वारी खाताना पाहिल्या, आणि जन्मभराची सवय, दुसरं काय? सण्णकन दगड सोडला.

कापड फाटलं. मागचा पत्रा ठणाणला.

डबे थांबले, आरोळ्या थांबल्या. पाखरं तेवढी खात राहिली.

"आगं माय गं!" सरूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "हे तर पिच्चर हाय! मी म्हनलं औषिध हाय, ह्ये तर आपलं रान हाय! काय केलं गं मी, पोरी!"

मी निलोफरकडं बघितलं. मला वाटलं ही आता रडणार. ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मावशी, लोकं आली! बघा, आली लोकं!" मग सगळ्यांना म्हणाली, "बसा ना, आलाच आहात तर."

माणसं गोफणी मांडीवर घेऊन बसली. "आन् रानात कोन हाय रं?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुनी न्हाई."

"पाखरं येतील की!"

"ती बी हितंच हायेत. बस खाली."

पत्र्याचा आवाज ऐकून हमीदभाई आत आले होते. फाटलेलं कापड दिसल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. दाभण आणि दोरा काढून ते भिंतीशी गेले. सरूबाईंनी न सांगता कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. हमीदभाई शिवत होते आणि भोरड्या त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून, टोपीवरून उडत होत्या. त्यांनी दोरा दातांनी तोडला. मग, जोड कसा बसला हे बघायला मंडपवाले सरतात, तसे चार पावलं मागं सरले.

आणि तसेच उभे राहिले.

चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. डोंगर, पिल्लं, थवा. ते वळून वळून तिन्ही भिंती बघत होते. थवा पुन्हा ज्वारीत उतरला तेव्हा म्हणाले, "इतक्या दुरून येतात?"

"न्हाई तर काय!" सरूबाई म्हणाल्या. "मला तरी कुठं ठावं व्हतं."

"अन् होळीनंतर जातात."

"जात्यात की."

"पुन्हा येतात? दरसाल?"

"येत्यात, हमीदभाऊ. आमी एवढं हाकलून राह्यलो, कधी चुकल्या न्हाईत."

हमीदभाई "हौ" म्हणाले. बस्, एवढंच. पण खेळ संपेपर्यंत ते बाहेर गेले नाहीत. संध्याकाळी सरूबाईंनी दंड म्हणून टोपलीभर कणसं आणली, गोवऱ्यांच्या आरात हुरडा भाजला, आम्ही तीळ-शेंगदाण्याच्या चटणीशी बोटं चाटत खाल्ला. निलोफर मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "अब्बा तुम्हाला काही बोलले?" नव्हते बोलले. मला त्यांचा रागच आला, खरं सांगते.

सकाळी मला स्टँडवर सोडायला तेच आले. एसटी लागली, मी पायरीवर चढले, तेव्हा खाली बघतच म्हणाले, "ताई, फिनलंडात थंडी किती पडती?"

मला काय माहीत? म्हटलं, "विचारून कळवते."

घरी पोचल्यावर नवरा "कशी होती पाखरं?" विचारत होता, पण मी पिशवीसुद्धा उघडली नाही. आधी तेवढं शोधलं आणि फोन लावला. लोक म्हणतात प्रवासाहून आलं की मन शांत होतं. माझं होत नाही. कुणाचं तरी काहीतरी अर्धं राहिलेलं मी नेहमी बरोबर घेऊन येते.

"हमीदभाई, फार पडते हो. नदी गोठते म्हणे. महिनेच्या महिने बर्फ असतं."

पलीकडं दोराचं वेटोळं खाली टाकल्याचा आवाज आला. मागं अम्मीची भांडी वाजत होती.

"मंग पिंजाऱ्याला आजच बोलवतो," ते म्हणाले. "दोन रजया भरून देतो. एका रजईनं भागायचं न्हाई पोरीचं."