आईच्या कपाळावरचं गंध

फोटो लॅबमधल्या शकूताई होत्या, म्हणून आज माझी आई भिंतीवर आहे. ती गेली तेव्हा मी इकडे लांब, कामावर. तिचा एकच फोटो, तोही मोबाइलमध्ये. खोलीतल्या मित्राच्या प्रिंटरवर तो काढला आणि गावच्या रीतीनं सकाळी ओलं गंध लावलं. शाई विरघळली. आईचं कपाळ माझ्या बोटाला आलं. शाळा सातवीत सुटली, तरी एवढं कळायला हवं होतं.

तो कागद घेऊन लॅबमध्ये गेलो. "रडतोस काय वेड्या? घरच्या शाईला पाणी चालत नाही," शकूताई म्हणाल्या. मोबाइलमधला फोटो लॅबच्या मशीनवर नव्यानं छापून त्यांनी काचेत बसवला. "आता लाव खुशाल."

तरी बोट काचेपाशी अडतं. गेलेलं माणूस पुन्हा जाईल, असं वाटतं.

सगळ्यांचे चेहरे छापणाऱ्या शकूताईंचा तिथं एकही फोटो नाही. एक दिवस मी काढीन, त्या हसत असताना.