माझ्या गोष्टीत विहीर नव्हती

पाकीट हातात पडलं तेव्हा मी आधी घाबरले ती वरचा पत्ता बघून. आत काय होतं ते नंतरचं. माझं नाव, त्याच्यापुढे 'लेखिका' असा शब्द, आणि खाली मुलींची शाळा, शहापूर. लेखिका! पोस्टमन अर्धा बाजार फिरून माझ्याकडे आलेला, त्याने तो शब्द वाचला असणारच. मी पाकीट पदराखाली घेतलं आणि काही कारण नसताना तिसरीच्या पोरींवर खेकसले.

घाबरायला कारण होतं. मी लिहिते हे माझ्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. ती लढाईची वर्षं. नवरा लाकडाच्या डेपोत कारकून, घरी सासूबाई, आणि मी शाळेत मास्तरीण. एवढ्यावरच गावात पुष्कळ बोललं जायचं. दुपारच्या सुट्टीत पोरी घरी जेवायला गेल्या की मी वर्गाचं दार लोटून घेऊन कादंबरी लिहायचे. चार वर्षं लिहीत होते. कोरा कागद मिळायचा नाही, म्हणून पोरींच्या जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या पाठी वापरल्या. एका बाजूला गुणाकार-भागाकार, दुसऱ्या बाजूला माझी माणसं. बाड सुतळीने बांधून नकाशांच्या कपाटात, जगाच्या नकाशामागे ठेवलेलं. एकच प्रत. दुसरी काढायला कागद आणणार कुठून? आणि त्यात सासूबाईंची निम्मी वाक्यं जशीच्या तशी घातलेली. ते घरी कळलं असतं तर लिहिणं सुटलं असतंच, नोकरीसुद्धा सुटली असती.

पोरी गेल्यावर मी पाकीट फोडलं. वर निळ्या शाईत छापलेलं नाव, त्याखाली दौत-टाकाचं चित्र. मजकूरही छापील, गाव आणि वार तेवढे हाताने भरलेले. मुंबईचे कुणी गृहस्थ होते, लेखकांची प्रकाशकांशी गाठ घालून देणारे. 'आपल्या लेखणीचे सामर्थ्य आमच्या नजरेतून सुटलेले नाही. आपल्यापाशी मोठे लेखन तयार असणारच. कागदाची टंचाई असूनही आमच्यापाशी दोन पुस्तकांपुरता कागद राखून ठेवला आहे. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आमचा माणूस शहापुरास आपल्या घरी येईल, त्याच्या हाती संपूर्ण बाड द्यावे. सोबतच्या कागदावर सही करून ठेवावी.'

खोटं कशाला सांगू, मी रडले. आनंदाने रडले. चार वर्षांत मला कुणी बरं म्हटलं नव्हतं. एकदा एका मासिकाला एक गोष्ट पाठवली होती, ती 'साभार परत' आली. आणि आता हा माणूस म्हणतो सामर्थ्य! मी ते पत्र सात-आठदा वाचलं. मग 'आपल्या घरी येईल' या शब्दांवर नजर अडली. घरी? दार तर सासूबाई उघडतात.

त्या दिवसापासून जेवण जाईना. वरणात मीठ दोनदा पडलं. नवऱ्याने विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." त्याला सांगावं असं शंभरदा मनात आलं. तसा तो वाईट नव्हता हो. पण त्याचा चेहरा कसा होईल याचाच मी इतका धसका घेतला होता की तोंडच उघडेना.

शेवटी मला धरलं ते आमच्या शाळेच्या शिपाईणबाईने. कपाट झाडायचं काम तिचं. म्हणाली, "बाई, आमी काय आंधले नाय. त्या नकाशाच्या पाठी काय हाय ते मला दोन सालापासून ठाव हाय." मी उठून वर्गाचं दार लोटलं. ती म्हणाली, "भिता कशाला? कुनाला बोलले का मी?" मग मी तिला पत्र वाचून दाखवलं. तिचे वडील मुंबईत एका छापखान्यात तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला होते, आता मुरबाडला घरी बसलेले. "त्यांना दाखवा," म्हणाली. "सही करू नका त्याच्या आधी."

मधल्या रविवारी आम्ही दोघी मुरबाडला गेलो. घरी सांगितलं, शिवणकामाचे नमुने आणायचे आहेत. लग्नानंतर नवऱ्याशी मी एवढं धडधडीत खोटं पहिल्यांदा बोलले. पेट्रोल मिळेना म्हणून सर्व्हिस मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. वाटेत शेणव्याला ड्रायव्हरने खाली उतरून ती ढोसली, धूर आत आला, आणि सगळे खोकत असताना मला वाटत होतं, आता कुणीतरी ओळखीचं चढेल आणि विचारेल, कुठे निघालात?

म्हातारे ओटीवर बसलेले होते. बोटांची टोकं काळी पडलेली, शिशाची. त्यांनी पत्र आधी वाचलंच नाही. उलटं केलं आणि पाठीवरून बोट फिरवलं.

"खिळे नवे हायत. छापखाना चांगला हाय."

"म्हणजे खरं आहे?" मी जवळजवळ ओरडलेच.

"बस गो बाय. छापखान्याला काय ठाव? आमी लग्नाच्या पत्रिका जुलवायचो, नवरा कसा हाय ते कोन इचारतो?" मग त्यांनी पत्र वाचलं, ओठ हलवत, सावकाश. "असली कागदं मी सोता जुलवलीत. तीन येळा. वरचं नाव निरालं, खालचा मजकूर ह्योच. दोन पुस्तकांपुरता कागद, ते पन ह्येच."

मी सहीचा कागदही काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"पैसं मागितलं का?"

"नाही."

"मग त्याला पुस्तकच पायजे." त्यांनी सहीचा कागद माझ्यापुढे धरला. "हे वाचलं का? सगला हक्क देनाराचा नाय, घेनाराचा." मी तो कागद वाचला नव्हता. वर्गात पोरींना सांगते, प्रश्न पुरा वाचा, मग उत्तर लिहा. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग ते सांगत गेले. एक शाळामास्तर होता, कुठल्या तरी खेड्यातला. असल्याच पत्रावर त्याने आपलं बाड देऊन टाकलं आणि पुढे छापखान्याच्या पायरीवर येऊन बसला, माझं बाड कुठे आहे म्हणून. दोन दिवस बसला. जेवणाच्या सुट्टीत त्याने यांना आपली गोष्ट सगळी सांगितली. वर्षभराने तीच गोष्ट यांच्या हाताखाली जुळवायला आली. नाव दुसऱ्याचं.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"जुलवली," ते म्हणाले, आणि परसाकडे बघत राहिले.

लेक आतून पाणी घेऊन आली. ते प्यायले आणि माझ्याकडे वळले. "ऐका आता. त्याला पत्र टाका. कंची पुस्तकं केली ती इचारा. पुस्तक हातात घ्या, त्यावर छापखान्याचं नाव असतं, त्या छापखान्याला लिवा, काम कोनी आनलं व्हतं. लिवनाऱ्याला लिवा, तुझं बाड परत मिलालं का. पन ह्याला येळ लागंल, तुमच्याकडं येळ नाय. म्हनून पयलं ह्ये करा. तुमचं त्यानं काय वाचलं?"

"ती परत आलेली गोष्ट असेल. दुसरं काही कुणापाशी गेलंच नाही."

"त्या गोष्टीत नाय असं कायतरी इचारा. बघा काय बोलतो."

माझी गोष्ट दोन बहिणींची होती. दोघींत एकच पुस्तक, आणि दोघी परीक्षेला बसतात. त्यात विहीर नव्हती. पाणी भरायचासुद्धा प्रसंग नव्हता. सोमवारी मी पत्र टाकलं: 'आपल्या कौतुकाने धन्य झाले. माझ्या गोष्टीतला विहिरीचा प्रसंग मला स्वतःला कच्चा वाटतो. आपले मत कळवावे.' केलेल्या पुस्तकांची नावंही विचारली. पेटीपाशी घुटमळले. खरा माणूस असला आणि रागावला तर? स्वतःच्या हाताने नशिबावर पाणी सोडते आहे, असंही वाटलं.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. पोस्टमन दिसला की काळजात धस्स व्हायचं, नाही दिसला तरी व्हायचं. बाड रोज चाचपून बघायचे. एकदा वाटलं, घरी न्यावं; एकदा वाटलं, बंबात घालावं म्हणजे कटकटच नको. शनिवारी उत्तर आलं.

'विहिरीचा प्रसंग कच्चा? बाईसाहेब, आपण स्वतःवर अन्याय करीत आहात. तो वाचताना आमच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले.'

पुस्तकांची नावं नव्हती. 'आमचा माणूस प्रत्यक्ष सांगेल' एवढंच.

मेल्या! असं मी मोठ्याने म्हणाले, रिकाम्या वर्गात. मग खाली बसले. रागापेक्षा दुसरंच काहीतरी लागलं होतं. माझं कुणी वाचलंच नव्हतं. त्या मासिकाच्या कचेरीत परत पाठवायच्या गठ्ठ्यावरून माझा पत्ता उतरून घेतला होता. ज्यांना कुणी नको म्हटलं त्यांनाच ते निळ्या शाईचं पत्र जात होतं. आणि मी ते सात-आठदा वाचून रडले होते.

येऊ नका असं कळवायला वेळ उरला नव्हता. रविवार उजाडला. सासूबाई देवळात गेल्या, तेवढं देवाने ऐकलं. नवरा आत दाढी करत होता. मी दारातच उभी राहिले. माणूस आला तो अगदी सभ्य. धोतर, काळा कोट, खांद्याला मोठी खादीची पिशवी. नमस्कार केला. म्हणाला, "बाड तयार आहे ना?"

"द्यायचं नाही असं ठरवलंय." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तो रागावला नाही. हसला. पिशवी पायरीवर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घरी ठाऊक आहे ना बाई, तुम्ही लिहिता ते? नसेल तर मी सांगतो साहेबांना. आहेत ना आत?"

शाळेची किल्ली कमरेला होती. दहा मिनिटांत बाड आणून त्याच्या हातात ठेवलं असतं तर तो गेला असता, घरी काही कळलं नसतं. चार वर्षं गेली असती, इतकंच. मी किल्लीला हात घातलासुद्धा. मग काय झालं कुणास ठाऊक, मी आत तोंड करून ओरडले, "अहो, बाहेर या! मी कादंबरी लिहिली आहे आणि हा माणूस ती न्यायला आलाय!"

नवरा बाहेर आला. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"कसली कादंबरी?"

"माझी."

त्याने खांद्यावरच्या पंचाने गालाचा साबण सावकाश पुसला. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात नोकरी सोडली, माहेरी गेले, मेले. मग त्याने त्या माणसाला विचारलं, "तुम्ही वाचलीत?"

"अर्थात! फारच हृदयस्पर्शी."

"मग या आत, बसा. काय आहे त्यात ते सांगा. मी नाही वाचलेली."

त्या माणसाला एकाएकी मोटारीची वेळ आठवली. त्याने घाईने पिशवी उचलली, तिचं तोंड फाकलं, आणि मला आत दिसलं. तीन बाडं होती. वरचं लाल चिंध्यांनी बांधलेलं, कागदांच्या कडा दवाखान्याच्या केसपेपरांसारख्या, म्हणजे तेही मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं. अक्षर बाईचं. सुबक, बारीक, कागद पुरवून पुरवून लिहिणाऱ्या बाईचं.

मला ओरडता आलं असतं. नवरा शेजारी होता, हातात वस्तरा होता, माणूस तीन पावलांवर होता. 'ते बाड ठेव खाली' एवढं म्हणायचं होतं. पण अंगातलं बळ सगळं संपलं होतं, आणि मला फक्त तो जायला हवा होता.

माझं पुस्तक पुढे निघालं. उशिरा निघालं, पण माझ्या नावाने निघालं. नवऱ्याने आधी वाचलं, सासूबाईंची वाक्यं ओळखून हसला. हल्ली कुणी नवखी मुलगी असलं पत्र घेऊन आली की मी म्हाताऱ्यांनी सांगितलं ते सगळं तिला सांगते, विहिरीची गंमतही सांगते. ती हसते. लाल चिंध्यांचं मात्र मी कुणाला सांगत नाही.

त्या रविवारी तो पिशवी घेऊन पायऱ्या उतरून गेला. मी दार लावून घेतलं.