दुभाष्याचं ‘मी’

बहिऱ्या आत्याच्या हाताखाली वाढल्यामुळे तिला वाटायचं, खुणांची भाषा आपल्याला येतेच. नवऱ्याच्या पश्चात पोटासाठी ती दुभाषी व्हायच्या वर्गात गेली, तर पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिची जिरवली. मास्तर स्वतः जन्मापासून बहिरे. हातांनीच म्हणाले, “हात बरे चालतात, पण चेहरा मुका आहे.” वर्ग हसला, तीही हसली. मग आरशासमोर उभी राहून भुवयांनी प्रश्न विचारायला शिकली. पुढचा धडा अवघड होता. समोरचा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं. पदरचं घालायचं नाही, पोटात ठेवायचं नाही.

सरावासाठी मास्तर तिला इस्पितळात घेऊन गेले. कोपऱ्यातल्या खोलीत बाकावर विशीतली एक बहिरी मुलगी बसली होती. तिची आई घरात मेली होती, आणि ते वास सुटल्यावर उघडकीला आलं होतं. मुलीला घेऊन आलेली शेजारीण दाराशी उभी.

“आई गेली हे सांगा, आणि काय घडलं ते विचारा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिनं खुणा केल्या. मुलगी नुसती तिच्या बोटांकडे बघत राहिली.

“हिला शाळेत घातलंच नाही,” शेजारीण म्हणाली. “मायलेकींचं आपापलं काहीतरी चालायचं.”

म्हणजे या मुलीची भाषा जाणणारं जगात एकच माणूस होतं, आणि तेच गेलं होतं.

मास्तर जमिनीवर बसले. मुलीनं कानाची पाळी ओढली, मग गाल तळहातावर टेकवला. पाळी म्हणजे आई. आई झोपलीय. खिडकीत मेलेली माशी पडली होती. मास्तरांनी ती तळहातावर घेतली, फुंकर मारली, बोटानं ढोसली आणि स्वतःच्या कानाची पाळी ओढली. मुलीनं माशी आपल्या हातात घेतली. तीही फुंकत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं ती खाली ठेवली आणि तिचे हात भराभर चालू लागले. मास्तर एकेक खूण पुन्हा करून खात्री करून घेत, मग वर्गातल्या खुणांच्या भाषेत आपल्या विद्यार्थिनीला सांगत. ती ते डॉक्टरीणबाईंना बोलून दाखवत होती.

“आई पडली. मी पाणी पाजलं, ते बाहेर आलं. मी शेजारचं दार वाजवलं. हिचा हात ओढला. हिनं मला खायला दिलं आणि दार लावून घेतलं. मी परत वाजवलं. दार उघडलं नाही.”

शेजारीण भिंतीला टेकली. “मला वाटलं, भूक लागलीय. मला काय ठाऊक, बाई?”

हेही मुलीपर्यंत पोचवायला हवं होतं. ते कसं सांगावं, मास्तरांनाही सुचलं नाही.

मुलीची रवानगी लांबच्या निराधारगृहात झाली. मास्तर तिथं जाऊन शिकवायला तयार होते. बाहेरच्यांना परवानगी नाही, असं उत्तर आलं.

ती दुभाष्याची परीक्षा पास झाली, त्याच इस्पितळात तिला काम मिळालं. तिथलं घरी बोलायचं नाही, हाही धंद्याचा नियमच. सासूनं विचारलं, “काय गं, आज काय झालं?” तर ती म्हणते, “नेहमीचंच,” आणि भांडी घासायला घेते.