खाली घेतलेला माणूस

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मुरबाडकडच्या सासरी मी नवी होते. शेजारच्या घरात आमचे चुलतसासरे घशाच्या रोगानं पडून होते. पाण्याचा घोटही मोठ्या मुश्किलीनं उतरे. कल्याणच्या डॉक्टरनं हात टेकले, भगत कोंबडं घेऊन गेला तो परत फिरकलाच नाही. काका खाटेवरून काकींपुढे नुसते हात जोडत. ते बघून मला रडू येई, आणि देवाचा रागही.

एका सकाळी काकींनी हाक मारली. जाऊन बघते तर काका गेलेले, पण खाटेवर नव्हते. ताज्या सारवलेल्या जमिनीवर निजवलेले, तोंडात तुळशीचं पान. आमच्याकडे माणसाला शेवटच्या घटकेला खाली घेतात. खाटेवर जीव गेला तर गती मिळत नाही म्हणतात. पण ती घटका काकींना सारवण्याइतकी आधी कळली कशी? उशाशी एक वाटी होती. तिच्या उग्र वासानं मला काय ते कळलं.

पोलीस पाटलानं वर्दी दिली, त्याला ती देणं भागच होतं. फौजदार आला. माणूस सज्जन, आपल्यातलाच. ओली जमीन बघून तोही समजला. त्यानं काकींना कायदा सांगितला: मरणाऱ्याला सरकार काही करत नाही, पण त्याला मदत करणाऱ्याला तुरुंग. मग हळूच म्हणाला, "बाई, ते खाटेवरच गेले, वाटी त्यांनीच घेतली, तुम्ही झोपला होतात, असं लिहितो. अंगठा द्या."

पंचनाम्याला बसलेले गावचे पंच कबूल होते. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मीही काकींना विनवलं, की कागदच तो, लिहू द्या.

काकी म्हणाल्या, "खाटंवर नाय गेले ते. एकटं बी नाय गेले. वाटी मी धरली, माझ्या मांडीवर गेले."

मग फौजदारानं खरं ते लिहिलं. दिवसकार्य होईपर्यंत त्यानं काकींना घरी राहू दिलं. त्याच्या हातात तेवढंच होतं. मला त्याचा राग येईना, म्हणून कायद्याचा दुप्पट आला.

कार्य उरकलं आणि काकी आपणहून ठाण्यावर नेणाऱ्या बैलगाडीत जाऊन बसल्या. गाडी वळणाआड गेल्यावर सासूबाई पुटपुटल्या, "खोटं बोलली असती तं आज घरात असती गो."

त्यांना मी पहिल्यांदाच उलट बोलले. "मग कागदावर काका कायमचे खाटेवरच मेले असते."