बाराची घंटा आणि शेळके सर

शाळेत किस्से जमवावे लागत नाहीत हो! खडूच्या भुकटीसारखे आपोआप अंगावर साचतात. संध्याकाळी शर्ट झटकला की चार खाली पडतात. त्यात आमची शाळा मिशनची, फादर लोकांनी काढलेली, नुसत्या पोरांची. आणि सुपरवायझर कोण, तर शेळके सर! मंग काय विचारता? मी तिथं पीटीचा मास्तर, त्यामुळं सगळं उन्हात उभं राहून बघितलेलं.

आजवर आमचा हेडमास्तर फादरच असायचा. यंदा फादर लोकच कमी पडले. संस्थेनं ठरवलं, पहिल्यांदाच आम्हा मास्तरांतून हेडमास्तर नेमायचा. झालं! शेळके सरांना दिवसा खुर्ची दिसायला लागली. मी तर घरी सांगून टाकलं, हा माणूस हेडमास्तर झाला की आपण राजीनामा देणार!

*

शेळके सर पक्के गणपतीवाले. दर चतुर्थीला सकाळी सकाळी राजूरच्या गणपतीला जाऊन येणार, कपाळभर शेंदूर लावणार, आणि शाळेचं गेट आलं की रुमालानं पुसणार. का? तर म्हणे फादरला राग येतो! अहो, आमचे आताचे हेडमास्तर फादर केरळचे, देवमाणूस. राजूरचा पेढा आम्हाला हक्कानं मागून खाणारे!

एकदा घामानं घोटाळा केला. पुसता पुसता शेंदूर कपाळभर पसरला. फादर समोरच! ते घाबरून धावत आले, "अरे सर, कितना लगा?"

आता 'शेंदूर आहे' म्हणायला काय जातं? पण न्हाई! "गाडीवरून पडलो, फादर."

फादरनी स्वतःच्या हातानं पट्टी बांधली. दिवसभर धडधाकट डोक्याला पट्टी! मधल्या सुटीत मी डबा पुढं केला. म्हणलं, "घ्या सर, राजूरचा पेढा. जखम जल्दी भरते."

*

आमची शाळा ज्या फादरनी काढली, ते परदेशातून आलेले. दरवर्षी स्थापना दिनाला शेळके सर त्यांची गोष्ट सांगतात. पहिल्या वर्षी फादर बैलगाडीतून आले. दुसऱ्या वर्षी पायी. मंग अनवाणी. यंदा हेडमास्तरकीचं वारं लागलेलं, म्हणून शहागडला गोदावरीला पूर आला आणि फादर डोक्यावर बायबल बांधून पोहत आले!

पाहुणे होते पहिल्या बॅचचे एक आजोबा. ते खुर्चीतूनच ओरडले, "न्हाई हो सर! फादर जीपमधी आल्ते. आम्ही समदे बघायला गेल्तो ना! आन पाण्याला तर ते इतके भ्यायचे, कधी विहिरीत डोकावले न्हाईत."

पोरं फिस्सकन हसली. पण शेळके सर कशाचे हटतात?

"तेच सांगून राह्यलो मी! जीपसुद्धा पोहतच आली!"

*

नाताळचं नाटक. मुलांची शाळा, त्यामुळं मरियमसुद्धा पोरगाच होतो. यंदा शेळके सरांनी कमिटीतल्या एका मेंबरचा पोरगा घेतला. दहावीचा गडी, नुकती मिशी फुटलेली, आणि ती काढायला बिलकुल तयार न्हाई! मेंबरच्या पोराला बोलणार कोण? शेळके सर म्हणाले, "काही हरकत नाही बेटा, पदर नाकाखाली ओढून घे."

पडदा उघडला. गोठा, बाळ, पुठ्ठ्याचे बैल, आणि हे भलं थोरलं घुंगट! पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई शेजारणीला विचारून राह्यल्या, "गोठ्यात तर कोणी दिसेना बाई. हिचा सासरा कुठं बसलाय?"

*

आता घंटेचं सांगतो. दुपारी बाराला आमच्या चर्चची घंटा वाजते. फादर लोक असतील तिथं थांबून प्रार्थना म्हणतात. पोरांनी फक्त गप्प राहायचं, एवढीच जुनी पद्धत. शेळके सरांनी तिचा कायदा केला. घंटा संपेपर्यंत जो जिथं आहे तो तिथं पुतळा! हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. मास्तरांनासुद्धा सूट न्हाई.

पिंपळगाव रेणुकाईची टीम कबड्डीला आल्ती. आम्ही पुढं होतो. त्यांचा गडी आमच्या बाजूला चढाईला आला आणि घंटा सुरू झाली. आमची पोरं जागच्या जागी पुतळे! तो गडी आधी चक्रावला, मंग आरामात एकेकाला टपली मारत गेला. समदी टीम बाद!

पोरं रडली हो. वर्षभर राबून घडवलेली टीम, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि शेळके सर फादरला सांगून राह्यले, "मॅच काय, येतात जातात. शिस्त बघा फादर, शिस्त!"

मी त्याच दिवशी ठरवलं. इथून पुढं शिस्त म्हणजे शिस्त.

*

उन्हाळ्यात संस्थेचे मोठे फादर आले, हेडमास्तर ठरवायला. नवी कोरी पांढरी गाडी. शेळके सरांनी ती स्वतः हौदाजवळच्या लिंबाखाली लावून घेतली, सावली म्हणून. पोरं मैदानात रांगेत उभी. मोठे फादर व्हरांड्यात आमच्या फादरला म्हणाले, "मुलं फार शिस्तीची आहेत! कोणाचं काम?" शेळके सरांनी नुसती मान झुकवली. ठरल्यातच जमा होतं!

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. कामसूपणा दाखवायची संधी सोडतील ते शेळके सर कसले! धावत मागं गेले, कडेला उभं राहून हात वर करून ड्रायव्हरला सांगायला लागले, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..."

आणि बाराची घंटा सुरू झाली.

शेळके सर थांबले. डोळे मिटले. हात तसाच वर.

ड्रायव्हरला आरशात हात दिसून राह्यला. तो येऊन राह्यला.

हौद मागं पडला, लिंबाखालची गाडी जवळ आली. समदी शाळा बघून राह्यली. एक पोरगं हललं न्हाई, एक ओरडलं न्हाई. मोठे फादर हात जोडून उभे, डोळे मात्र टक्क उघडे! आणि मी? मी टँकरच्या अगदी जवळ होतो. पण मी शिस्तीचा माणूस.

आधी दिवे फुटले. मंग बोनेट. मंग काच.

घंटा संपली. शेळके सरांनी शांतपणे छातीवर क्रूस काढला, डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात ओरडले,

"बस्स! बस्स! बस्स!"